कार्यशाळेला तीनच पोरं आली

काकू, नमस्कार.
माझं वय 41. बँकेत नोकरी करते. बेसा रोडच्या एका फ्लॅट स्कीममध्ये आम्ही राहतो: मी, नवरा, 12 आणि 8 वर्षांची दोन मुलं आणि आर्वीकडच्या माझ्या सासूबाई. मला पहिल्यापासून काहीतरी करत राहायची हौस आहे. यंदा तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या लाकडी नंदीबैलांच्या सणाच्या, आधीच्या रविवारी मी स्कीममध्ये ‘आपला नंदी आपण सजवू या’ अशी कार्यशाळा ठेवली. पोस्टर केलं, 100 रुपये फी ठेवली, रंग, ब्रश, मणी सगळं आणून ठेवलं. अकरा घरांनी नावं दिली. आली तीन पोरं, त्यातली दोन माझीच. वर पार्किंगच्या टाइल्सवर पिवळा रंग सांडला म्हणून सेक्रेटरींनी ग्रुपवर फोटो टाकला. मागच्या डिसेंबरात पेंचकडे सहल ठरवली होती. चार गाड्या, सतरा माणसं. ‘पुढच्या रविवारी’ करता करता मार्च आला आणि ती राहिलीच. कपाटात क्रोशाच्या सुया, मॅक्रमेच्या दोऱ्या आणि अर्धवट रंगवलेला एक ट्रे पडून आहे. नवरा म्हणतो, रविवारी माणसानं झोपावं. सासूबाई काहीच म्हणत नाहीत, बाल्कनीत बसून असतात. मला खरंच विचारायचंय, मीच वेडी आहे का? की लोकांनाच आता काही नको झालंय?
– एक हौशी बाई, नागपूर

ताई, आधी तुमच्या हिशेबातली एक चूक सांगते. तीन पोरं आली, त्यातली दोन तुमची. म्हणजे एक पोर दुसऱ्याच्या घरचं आलं. ते कोण होतं? मुलगा की मुलगी, कितव्या मजल्यावरचं, किती वेळ बसलं, नंदीचे डोळे त्यानं कसे काढले? पत्रात यातलं काही म्हणजे काही नाही. सेक्रेटरींच्या त्या फोटोवर मात्र बारा ओळी आहेत. छापताना त्या मी कापल्या, रागावू नका.

लोकांना आता काही नको झालंय, हे मला मान्य नाही. का, ते तुमच्याच त्या आठवड्यात दिसतं. तुमच्या रविवारनंतर काही दिवसांतच तान्हा पोळा आला. त्या दिवशी सकाळी तुम्ही इतवारीत गेला नसाल. बेसा रोडवरून तिकडं जाऊन त्या गर्दीत शिरायचं म्हणजे हिंमत लागते, कबूल. पण तिथं काय चाललेलं असतं ते आठवा. काळी मारबत, म्हणजे मिरवणुकीतला बाईचा मोठा पुतळा, 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद, कापड, रंग, दागिने. सोबत बडगे, म्हणजे त्या वर्षी लोकांचा ज्याच्यावर राग असेल त्याचे पुतळे. कधी महागाई, कधी रस्त्यातले खड्डे, कधी कुणी पुढारी. हे सगळं गल्लीतली माणसं आपलं कामधंद्याचं पाहून, रात्री जागून बनवतात. मग ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत मिरवतात, नेहरू पुतळ्यापाशी काळी आणि पिवळी समोरासमोर आणतात, आणि शेवटी जाळून टाकतात. कित्येक दिवस खपून केलेल्या वस्तूची संध्याकाळपर्यंत राख होते. कुणी ती जपून ठेवत नाही, कुणाला तिचं बक्षीस मिळत नाही, आणि पुढच्या वर्षी तीच माणसं पुन्हा बांबू कापायला बसतात. ज्या गावात हे इतकी वर्षं चाललंय, त्या गावातल्या माणसांची हौस तुमच्या कार्यशाळेच्या रविवारीच कशी संपेल?

आणि त्याच दिवशी संध्याकाळी तुमच्या दारात किती नंदी आले? मोजले नसतील, पण मी पैजेवर सांगते, न आलेल्या त्या दहा घरांतली बरीचशी पोट्टी नंदी ओढत तुमच्याकडं आली असणार आणि तुम्ही त्यांना बोजारा, म्हणजे पैसे नाहीतर खाऊ, दिला असणार. हीच तर गंमत आहे. पोराला नंदी सजवायचा नसतो हो, त्याला तो मिरवायचा असतो. घरोघर जाऊन बोजारा गोळा करायचा, मग जिन्यात बसून कुणाला किती मिळाले ते मोजायचे. सजावट ही त्याची तयारी. तुम्ही नेमकी तयारीच वेगळी काढली, तिला दहा ते बारा अशी वेळ दिली, फी लावली आणि ‘कार्यशाळा’ असं नाव ठेवलं. शाळा हा शब्द ऐकून रविवारी कोण येणार?

दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी तान्हा पोळा पोरांसाठी सुरू केला, असं आपल्याकडं सांगतात. खऱ्या बैलापाशी लहान पोरानं जाणं जोखमीचं, म्हणून लाकडाचा बैल, त्याला चार चाकं आणि ओढायला दोरी. माझा स्वतःचा नंदी महाल भागातल्या आमच्या वाड्यात आजोबांनी केलेला होता. त्याचं एक चाक तुटलं तेव्हा त्या जागी बूटपॉलिशच्या डबीचं झाकण ठोकलं. तो खडखड आवाज करत चालायचा, आणि त्या आवाजानंच लोक दार उघडायचे. शेजारच्या पोरांचे नंदी चांगले गुळगुळीत होते, पण बोजारा मला जास्त मिळायचा. हे आपलं सहज आठवलं म्हणून.

पुढच्या वर्षी असं करा. पोस्टर नको, फी नको, वेळ नको. पोळ्याच्या आठ दिवस आधी जिन्याच्या खाली एक खोका ठेवा. त्यात चिंध्या, जुन्या साड्यांचे काठ, तुटलेल्या माळांचे मणी, घुंगरू, बेगड, डिंकाची बाटली. ज्याला हवं त्यानं न्यावं, ज्याच्या घरी काही पडलं असेल त्यानं टाकावं. रंग मात्र खोक्यात ठेवू नका, टाइल्सचं एक प्रकरण पुरे झालं. दुसरं काम मोठ्यांचं. प्रत्येक घरी त्या संध्याकाळी सहा ते आठ कुणीतरी दार उघडायला असलं पाहिजे आणि हाताशी सुटे पैसे नाहीतर गोळ्या-बिस्किटं असली पाहिजेत, एवढं घराघरांत तोंडी सांगून ठेवा. तेवढी सोय झाली की सजावटीची काळजी करू नका. पोट्टी शिंगं रंगवतील, झूल शिवून मागतील, आईच्या मागं लागतील.

आता सहल. चार गाड्या आणि सतरा माणसं! ताई, ही सहल नाही, ही वरात आहे. वरातीला मुहूर्त लागतो आणि तुमच्या सतरा जणांचा मुहूर्त मार्चपर्यंत जुळला नाही, यात कुणाचा दोष काढायचा? कुणाचं पोर तापलं, कुणाची पाहुणी आली, कुणाची बँक क्लोजिंग, आणि ती तर तुमचीच असावी. माझं सांगणं एवढंच आहे, की दोन माणसं आणि तीन तास मिळाले की निघायचं. तिसरं कुणी आलं तर आनंद, नाही आलं तर वाट बघायची नाही.

नागपूरला ऋतू काही लपून येत नाहीत, अंगावरच येतात. त्यामुळं कुठं जायचं ते ऋतूला विचारलं की झालं. आत्ता पाऊस सरत आलाय. सीताबर्डीहून लोकमान्यनगरकडं जाणारी मेट्रो अंबाझरीच्या कडेकडेनं जाते. धाकट्याला खिडकीशी बसवून एकदा भरलेला तलाव दाखवा आणि परत या. याला सहल म्हणायचं का, असं विचाराल. त्याला विचारा, तो म्हणेल. दिवाळीच्या आगंमागं आंबिया बहाराची संत्री बाजारात येतात. काटोल-कळमेश्वरच्या बाजूला कुणाची बाग ओळखीत असेल, आणि नागपुरात ती कुणाच्या ओळखीत नसते, तर झाडावरची संत्री बघायला जा. फक्त मालकाला विचारल्याशिवाय फांदीला हात लावायचा नाही, हे पोरांना आधीच सांगा. आवळ्याखालचं जेवण कार्तिकातलं. त्याला जंगल लागत नाही, एक आवळ्याचं झाड आणि घरचे डबे पुरतात. थंडी पडली की जिल्ह्यातल्या तलावांवर हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस उतरतात. त्यांच्यासाठी पहाटे उठावं लागतं, तेव्हा तुमच्या नवऱ्याला नेऊ नका. फेब्रुवारी सरता सरता गावाबाहेरच्या कुठल्याही रस्त्यावर पळस पेटलेला दिसतो. त्यासाठी कुठं पोचावंही लागत नाही, वर्धा रोडनं अर्धा तास गेलं तरी पुरे. आणि एप्रिल-मे? एप्रिल-मेमध्ये कुठंही जाऊ नका. पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा हौस बाजूला ठेवून कूलरसमोर बसावं. त्या दिवसांत घरात करण्यासारखं दुसरं आहे, त्यावर पुढं येते.

मोठी सहल वर्षातून एकच करा, आणि ती रोडग्यांची. विदर्भात राहून पोरांनी रोडगे फक्त लग्नाच्या पंगतीत खावे, याचं मला वाईट वाटतं. कणीक जाडसर दळून आणायची, ओवा-मीठ-तेल घालून घट्ट भिजवायची, आत तेलाचे पदर देऊन गोळे करायचे. गोवऱ्या पेटवून त्यांचा धूर सरून लाल निखारा झाला की त्यात गोळे सोडायचे, वरून गरम राख ओढायची आणि फिरवत राहायचं. पाऊण तास तरी जातोच. मग फडक्यात घेऊन राख झटकायची, रोडगा फोडायचा आणि वरून तूप. सोबत वांग्याची भाजी, झणझणीत, वर भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि वरण. पळसाच्या पानांत थापून भाजले तर ते पानगे. दोन्ही करून बघा, घरात त्यावरून दोन पक्ष पडतील.

यात एक मोठी सोय आहे. या सहलीत प्रत्येकाला काम असतं. कुणी लाकडं-गोवऱ्या बघतो, कुणी वांगी चिरतो, कुणी पाणी आणतो, पोरं पळसाची पानं धुतात. नुसतं बघायला जायच्या सहलीत माणसं अर्ध्या तासात मोबाइल काढतात. विस्तवापाशी बसलेल्या माणसाला ते जमत नाही. तुमच्या यजमानांना विस्तवाचं खातं द्या. रविवारी झोपणारे पुष्कळ पुरुष मी गोवऱ्यांपुढं दोन-दोन तास न कंटाळता बसलेले पाहिलेत. आणि नाहीच आले तर झोपू द्या त्यांना. सहा दिवस काम करणाऱ्याची झोप हाही रविवारचा एक कार्यक्रमच आहे, तुमच्या कार्यक्रमांहून कमी नाही. या एका मुद्द्यावर मी त्यांच्या बाजूनं आहे.

गोवऱ्या मात्र आधी बघून घ्या. आमची एकदा अशी फजिती झाली होती. चौदा माणसं, जानेवारी महिना, आदल्या रात्री अवकाळी पाऊस. गोवऱ्या आतून ओल्या. दुपारी एकला पेटवल्या त्या चारपर्यंत नुसत्या धुमसत होत्या. शेवटी पोरांनी वांग्याची भाजी ब्रेडबरोबर खाल्ली आणि आम्ही अर्धे कच्चे गोळे घरी आणून तव्यावर भाजले. आमच्या घरात आजही सहलीचा विषय निघाला की तीच निघते.

कपाटातल्या सामानाबद्दल तुम्ही अपराध्यासारखं लिहिलंय. छंद दुकानात मिळतो, सामान आणलं की तो लागतो, असं आपल्याला कुणीतरी पटवून दिलंय, त्यात तुम्ही एकट्या फसलेल्या नाही. क्रोशा वाईट नाही, पण तुमच्या घरात त्या गोलगोल रुमालांची कुणाला गरज आहे? ज्या वस्तूची घरात कुणी वाट बघत नाही ती पुरी करायला हात उठत नाहीत. दोऱ्या आणि सुया त्या जिन्याखालच्या खोक्यात टाका, कुणीतरी नेईल. हाताला काम हवंच असेल तर असं घ्या, की झालं नाही तर कुणीतरी ‘काहून नाही झालं?’ म्हणून विचारेल.

असं काम विचारायला तुमच्या बाल्कनीत एक माणूस बसलेलं आहे, आणि तुमच्या अख्ख्या पत्रात त्यांच्या वाट्याला एकच वाक्य आलंय.

आर्वीकडच्या बाई आहेत. त्यांना सरगुंडे येत असणारच. आज विचारा. घट्ट भिजवलेल्या कणकेची बारीक वळी करत काडीभोवती गुंडाळायची, मग अलगद काडी काढून घ्यायची आणि ती पोकळ वेटोळी वाळवायची. उन्हाळ्यात आमरसासोबत. सांगायला सोपं आहे, करायला बसलात की पहिली वीस मोडतील. एप्रिल-मेमध्ये घरात करण्यासारखं दुसरं आहे म्हणाले, ते हे. सकाळी सात ते नऊ गच्चीवर वाळवण घालायचं आणि नंतर उन्हाच्या हवाली करून खाली यायचं. नागपूरचं ऊन एरवी शिव्या खातं, पण सरगुंडे, कुरडया आणि मूगवड्यांसाठी असं ऊन दुसरीकडं शोधून सापडायचं नाही. स्कीममधल्या आणखी दोन-तीन म्हाताऱ्या बायकांना नुसतं वर बोलवा. काय करायचं ते त्यांचं त्या बघतील, तुम्ही फक्त चादरी आणि काठी पुरवा, कावळ्यांसाठी.

त्यांच्या पेटीत एखादी जुनी करवती कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी असली तर तीही बघायला मागा. काठाला करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते म्हणून ती करवती. तीन धोटे चालवून विणतात, त्यामुळं काठाचा रंग साडीच्या अंगात उतरत नाही. भंडारा-मोहाडीकडच्या विणकरांचं हे काम. साडी विरली असेल तर तिचा काठ पुढच्या तान्ह्या पोळ्याला नंदीची झूल होऊ शकतो, पण ते त्यांनी आपण होऊन म्हटलं तरच. मागू नका.

हातानं केलेल्या वस्तूंची आवड असणं म्हणजे त्या स्वतःच केल्या पाहिजेत असं नाही, हेही एकदा मनाशी पक्कं करा. बुरडाकडून सूप, टोपली विकत घेणं, त्यानं सांगितलेली किंमत देणं, आणि ‘हे प्लास्टिकचं यापेक्षा स्वस्त मिळतं’ असं त्याला न ऐकवणं, हेही त्याच आवडीत येतं. पुढच्या वर्षी गणपतीच्या महिनाभर आधी पोरांना घेऊन महालातल्या चितारओळीत चक्कर मारा. मातीच्या मूर्ती अजून रंगलेल्या नसतात, नुसते पोट आणि हात दिसतात, तेव्हा बघण्यात जी मजा आहे ती तयार मूर्तीत नाही. कारागीर घाईत असतात. वाटेत उभं राहू नका, फोटो काढायचा तर विचारून काढा, आणि घरचा गणपती तिथूनच घ्या. वर्धेला रेल्वेनं जाऊन यायचा एक दिवस मिळाला तर मगन संग्रहालय बघा. 1938 साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं आहे. खादीपासून ग्रामोद्योगापर्यंत हातकामाचा विचार तिथं मांडलेला दिसतो. तिथून सेवाग्राम लांब नाही. मोठ्या मुलाला तिथं कंटाळा येईल, मला माहीत आहे. येऊ द्या.

राहिले सेक्रेटरी. मला ते खलनायक वाटत नाहीत. टाइल्स पुसून घ्यायची वेळ त्यांच्यावर येते, तुमच्यावर नाही. तो डाग अजून असेल तर स्वतः बादली घेऊन जा आणि घासा. मग त्यांच्याकडं एक काम घेऊन जा, पण असं, ज्याला शेवटची तारीख आहे. ‘आपण स्कीम हिरवी करू या’ म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येणार, कारण ते कधी संपणार हे त्यांनाही माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. त्याऐवजी म्हणा, अनंत चतुर्दशीपर्यंत फाटकापाशी निर्माल्याची दोन पोती ठेवते, माझी जबाबदारी. एकात फुलं-दूर्वा, दुसऱ्यात दोरे, प्लास्टिक, चकाकते कागद. फुलांचं पोतं आवारातल्या वाळक्या पानांसोबत एका कोपऱ्यात खड्ड्यात. अकरा दिवस, संपलं. ते नीट झालं की उन्हाळ्यात फाटकाबाहेर एक रांजण. येणारा-जाणारा, कुरिअरवाला पोरगा, आपलाच चौकीदार, सगळे पितील. रोज एका घरानं धुवून भरायचा. पक्ष्यांच्या पाण्याची भांडीही त्याच घराकडं, पण रोज रिकामी करून पुसायची, नाहीतर चिमण्यांच्या आधी डास येतील.

आणि मोठ्या कामात खारीचा वाटा घ्यायचा असेल तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या दिवसांत दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर जा. 1956 च्या 14 ऑक्टोबरला बाबासाहेबांनी तिथं धम्मदीक्षा दिली, तेव्हापासून दरवर्षी लांबलांबून लाखो माणसं येतात. त्यांच्या जेवणापाण्याची सोय करणारी मंडळी जागोजागी असतात. त्यांच्यापैकी कुणालाही ‘मी काय करू?’ एवढं विचारा. ग्लास विसळायला सांगतील. विसळा. आयोजन करायची सवय लागलेल्या माणसानं वर्षातून एक दिवस तरी दुसऱ्याच्या आयोजनात ग्लास विसळावे, असं माझं मत आहे, आणि हे मी स्वतःवरून सांगते.

आता तुम्ही लगेच काय करायचं ते. गणपती बसलेत, म्हणजे भाद्रपद पौर्णिमा जवळ आली. पौर्णिमेला भुलाबाई बसतात. भुलाबाई आणि भुलोजी, मातीच्या दोन लहान मूर्ती, त्या चितारओळीत मिळतील किंवा सासूबाई घरीच करतील. तिथून कोजागिरीपर्यंत महिनाभर, रोज संध्याकाळी मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात आणि गाणी संपली की खिरापत ओळखतात. रोज तुम्हाला जमणार नाही, शाळा आहे, युनिट टेस्ट आहेत. शनिवार-शनिवार धरा. चार शनिवार आणि कोजागिरी, मिळून पाच संध्याकाळी, दर वेळी वेगळं घर. कोजागिरीला गच्चीवर ज्वारीच्या धांड्यांचा मखर आणि आटवलेलं दूध. मुलगेही येतील. गाण्यांना येणार नाहीत, खिरापतीला बरोबर येतील. ते दुसऱ्याच्या घरचं एकटं पोर आलं होतं ना, त्याला पहिलं बोलवा, नावानं.

गाणी तुम्हाला येत नसतील. सासूबाईंना येत असतील, आणि सगळी नाही आठवली तरी चालेल. एक कडवं त्या म्हणतील, पुढचं तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना आठवेल, चाल दोघींची वेगळी असेल आणि त्यावरून थोडं भांडणही होईल. तुम्ही त्यात पडू नका, लिहून घ्या. ग्रुपवर पोस्टर टाकू नका. आज संध्याकाळी बाल्कनीत दुसरी खुर्ची नेऊन बसा आणि फक्त विचारा, की आई, तुमच्याकडं भुलाबाईला पहिल्या दिवशी कोणतं गाणं म्हणायचे? ‘आता काहून आठवलं तुले?’ असं म्हणतील. म्हणू द्या, थांबा थोडं.

खिरापत मात्र सोपी करू नका. डबा हलवला की शेंगदाणे आवाजावरून लगेच ओळखू येतात. डब्यात कापड घालून वर ठेवा, किंवा सरळ उकडलेली रताळी करा. रताळी ओळखायला आमच्या वेळी पाऊण तास लागला होता.